पपनस आणि पन्नाशी

माझ्या रक्तात चरबी आहे, हे खोपोलीत कुणालाच पटलं नाही. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, माझं वजन एक्केचाळीस किलो होतं. मी शिकवते त्या शाळेतली मुलं माझ्यामागे मला 'परीक्षानळी' म्हणत, आणि उपमा म्हणून मला त्यात काही चूक काढता आली नव्हती. पण कल्याणच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: कोलेस्टेरॉल, दर शंभर मिलिलिटरला तीनशे बारा मिलिग्रॅम.

डॉक्टरांचा कंपाउंडर पोपट आमच्याच चाळीत राहायचा. तो कागद त्याने डॉक्टरांच्या आधी वाचला.

"बाई, ह्या रिपोर्टची अदलाबदल झालीय," तो म्हणाला. "ह्या आकड्याचा माणूस दारातून आडवा आत येतो."

मी पुन्हा रक्त दिलं. तीनशे चौदा आलं.

"बघा," पोपट म्हणाला, "तपासलं की वाढतं."

रक्त तपासायचा आग्रह काळूरामचा. काळूराम माझा धाकटा भाऊ. सतरा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि तिथे एका औषधांच्या कारखान्यात रसायनं तपासत बसला. त्याचं स्वतःचं कोलेस्टेरॉल तीनशे तीस निघालं होतं आणि त्याने पत्रात लिहिलं होतं, "अक्का, हे बाबांच्या रक्तातून येतं. त्या रक्ताचे आता आपण दोघंच उरलोय. तू तपासून घे."

दोघंच उरलोय, यात अतिशयोक्ती नव्हती. वडील, कोंडीराम, कर्जतला रेल्वेत पॉइंट्समन होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ड्यूटीवर असताना छातीत कळ येऊन फलाटावरच गेले. हातात हिरवा झेंडा होता. गाडी वेळेवर सुटली, असं सांत्वनाच्या पत्रात मुद्दाम लिहिलेलं होतं. थोरला भाऊ वाल्मिक एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, कारखान्याच्या कँटीनच्या रांगेत, पुढे दोनच माणसं असताना. मी विज्ञान शिकवते. अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास हे दोन बिंदू कागदावर मांडले की रेघ कुठे जाते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या जूनमध्ये मला एकोणपन्नास पूर्ण झाली होती. म्हणजे पन्नाशीपर्यंत पोचले तर मी त्या रक्तातली पहिली ठरणार होते. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त त्या वर्षी पुढच्या एकतीस मेनंतरची कुठलीही गोष्ट ठरवायची वेळ आली की "बघू" म्हणत असे.

चाळीत बातमी पसरायला पोपट पुरेसा होता. शेजारच्या अंबाबाईने लसूण दिला. समोरच्यांनी मेथ्या दिल्या. माझे यजमान श्रीपत वीजकेंद्रात होते. डोंगरावरून लोखंडी नळांतून पाणी खाली येतं तिथे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नळात गाळ बसला की आम्ही पाणी बंद करतो, आत माणूस सोडतो आणि घासून काढतो."

"माझ्यात माणूस कसा सोडणार?"

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते वर्तमानपत्राकडे वळले.

जुलैत काळूरामचं दुसरं पत्र आलं. तिकडे एक अगदी नवी गोळी निघाली आहे, वर्षही झालेलं नाही. यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं, ते ही गोळी मुळातच अडवते. लोव्हास्टॅटिन. तो स्वतः ती घेतोय, मलाही पाठवली आहे. गोळी निघाली खरी. पण ती मुंबईत येऊन थांबली. टपाल खात्याची चिठ्ठी आली: डॉक्टरांचं लेखी औषधपत्र आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचं प्रतिज्ञापत्र सादर करावं.

डॉक्टरांनी या औषधाचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या टेबलावरच्या जाड पुस्तकातही ते नव्हतं. त्यांनी माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेतलं आणि मला ते औषध लिहून दिलं. किती घ्यायचं, हेही माझ्याकडूनच विचारून घेतलं. मग म्हणाले, "नियमित घ्या हं."

प्रतिज्ञापत्रासाठी एसटीने खालापूरला गेले. कचेरीबाहेर शिरीषाच्या झाडाखाली येसाजी नावाचे अर्ज लिहिणारे गृहस्थ बसत. त्यांच्याकडे सगळे मसुदे तयार असायचे: रेशनकार्ड हरवलं, गुणपत्रिका भिजली, नावात बदल, वारसाहक्क. परदेशी गोळीचा मसुदा नव्हता.

"जवळचा बघावा लागंल," म्हणून त्यांनी गठ्ठा चाळला. "वय?"

"एकोणपन्नास."

"पुरावा?"

"शाळेचा दाखला आहे. एक जून एकोणचाळीस."

"एक जून!" येसाजी चष्म्यावरून बघत म्हणाले. "ताई, आख्खा खालापूर तालुका एक जूनला जन्मलाय. शाळेचा दाखला म्हंजे मास्तरचा अंदाज. पन चालतंय, सरकारला चालतंय."

मला ते आवडलं नाही. माझ्या दाखल्याविषयी असं कुणी बोललं नव्हतं. मी सही केली आणि एसटीत बसल्यावर कागद नीट वाचला. येसाजींना सर्वांत जवळचा वाटलेला मसुदा पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या बंदुकीच्या परवान्याचा होता. "सदर वस्तू मी केवळ स्वसंरक्षणार्थ बाळगीन, तिचा सार्वजनिक ठिकाणी वापर करणार नाही, आणि ती अज्ञान मुलांच्या हाती लागू देणार नाही." 'बंदूक' खोडून 'गोळी' लिहिलं होतं. वाचून मला वाटलं, गोळी राहिली आणि बंदूक गेली, तर संशय वाढणार. पण पुन्हा खालापूरला जाण्याइतकं माझ्यात धैर्य नव्हतं. तोच कागद पाठवला आणि दहा दिवसांत पार्सल घरी आलं. ज्याने कुणी ते सोडलं, त्याने कागद वाचला असावा, असं मला वाटत नाही. किंवा वाचला असेल आणि भिऊन सोडलं असेल.

गोळ्या फिक्या निळ्या, अष्टकोनी होत्या. रोज संध्याकाळच्या जेवणाबरोबर एक. सोबत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला कागद होता. तो मी शाळेतलं भिंग आणून पूर्ण वाचला. क्वचित स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो, तसं झाल्यास डॉक्टरांना कळवावं. क्वचित म्हणजे फार तर दोनशेत एक, असं मी धरलं. मग लक्षात आलं की खोपोलीत ही गोळी घेणारी मी एकटीच आहे. तेव्हा झालं तर एकात एक. सोळा ऑगस्टला पहिली गोळी घेतली आणि एका वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, आहार, तक्रार, शेरा.

पहिला महिना तक्रारीचा रकाना कोरा राहिला. वहीला त्याची सवय झाली होती. मग भाद्रपद आला आणि त्याच्याबरोबर अंबाबाई.

अंबाबाईचं माहेर लोधिवलीचं. तिथे विहिरीवर पपनसाचं झाड होतं आणि त्याला इतकी फळं लागायची की भाऊ दर आठवड्याला गोणी पाठवायचा. ती माझ्यापुढे बसली, एक पपनस सोललं, आणि म्हणाली, "बाई, एक इच्यारू? ती गोळी अमेरिकेची ना गं?"

"हो."

"मंग उष्णच आसनार. तिकडं बर्फ पडतो, त्येंना उष्ण लागतं. तुला हितं सोसंल व्हय? गोळी घेतली की वर पपनस खायाचं. थंड आसतं, आन चरबीबी कापतं. साबन कसा तेल कापतो, तसं."

पपनस उष्ण की थंड, यावर विज्ञानात काही म्हटलेलं नाही. पण फळात जीवनसत्त्व 'क' असतं, पाणी असतं, नुकसान तर नाही. शिवाय अंबाबाईला नाही म्हटलं तर ती दुसरं काहीतरी आणते, हा माझा अनुभव. तेव्हा रोज जेवण, गोळी आणि वर अर्धं पपनस, असा क्रम सुरू झाला. आहाराच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'पपनस अर्धे' असं लिहीत गेले.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली नोंद झाली: 'मांड्या जड.' आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. जिना बावीस पायऱ्यांचा. बाराव्या पायरीवर थांबून मी भिंतीवरचे सुविचार वाचू लागले. मुलं म्हणाली, बाई किती मन लावून वाचतात. पुढच्या आठवड्यात खांदे दुखू लागले. हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्यापुरता संपला. सगळी समीकरणं मी खालच्या अर्ध्या भागात लिहू लागले. मागच्या बाकांवरची मुलं उभी राहायची, त्यांच्यामागची बाकांवर चढायची. असा वर्ग मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिला आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाले, "ओव्हाळबाईंच्या तासाला मुलं शिकायला कशी उभी राहतात बघा!" मी आभार मानले. दुसरं काय करणार?

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला.

"या वयात बायकांचं असंच," ते म्हणाले. "कॅल्शियम घ्या."

"गोळीमुळे असेल का?"

"कुठली गोळी?"

मी आठवण करून दिली. डॉक्टरांनी स्पेलिंग पुन्हा विचारलं.

बाहेर पोपट पुड्या बांधत होता. "सोडा की ती गोळी," तो हळूच म्हणाला. त्या सगळ्या काळात मला मिळालेला हा एकच शहाणा सल्ला होता, आणि तो पोपटने दिल्यामुळे मी मानला नाही. शिवाय मला तो मानता येत नव्हता. काळूरामने लिहिलं होतं, 'अक्का, मला शब्द दे.' मी शब्द दिला होता. आणि मे महिन्याची एकतीस तारीख अजून लांब होती.

मी त्याला लिहिलं, 'गोळी नियमित. त्रास काही नाही.' त्याचं उत्तर आलं, 'मीही उत्तम.'

यानंतर विहारातला प्रकार घडला. तो मी थोडक्यात सांगणार होते, पण थोडक्यात सांगितला तर तो खरा वाटत नाही.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, आमच्या विहारात वंदना आणि मग व्याख्यान असतं. त्या वर्षी व्याख्याते कल्याणहून आले होते. वंदना सांगायचा मान मला दिला. मी शिकलेली आहे आणि माझा आवाज स्पष्ट आहे, एवढंच त्याचं कारण. एरवी विहारात माझी ख्याती, ह्या बाई सगळ्याला पुरावा मागतात, अशी. मी पुढे, मागे दीड-दोनशे माणसं. पंचांग प्रणाम तीन वेळा करायचा असतो: गुडघे टेकून, दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला लावून. पुढचा माणूस उठला की मागचे उठतात.

पहिला झाला. दुसऱ्यातून उठताना डोळ्यांपुढे निळं झालं. तिसऱ्यांदा कपाळ जमिनीला लागलं आणि तिथेच राहिलं.

मी मांड्यांना आज्ञा केली. मांड्यांपर्यंत ती पोचली असावी, पण त्यांनी ती अमलात आणली नाही. हात दाबून पाहिले. खांद्यांतून कळ आली. मागे दोनशे माणसं कपाळ टेकून माझी वाट बघत होती. मी उठत नाही म्हणून ती उठेनात. एक मिनिट गेलं. मला फरशीचा सांधा दिसत होता, त्यात एक मुंगी होती. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट वजन उचलते, असं मी सातवीला शिकवते.

मागून अंबाबाई कुजबुजली, "बाईचं ध्यान लागलं गं."

ती कुजबूज मागे मागे जाताना मला ऐकू आली. कुणीतरी हुंदका दिला. श्रीपत पुरुषांच्या बाजूला पहिल्या ओळीत होते. त्यांनी येऊन हात दिला असता तर प्रकरण मिटलं असतं. पण नंतर ते म्हणाले, "मला वाटलं, एवढ्या वर्षांनी तुझी श्रद्धा बसतेय, मध्ये कशाला बोला?" वेळ मारून न्यायला मी वंदना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. लोकांनीही फरशीत तोंड घालून म्हटली.

तीही संपली. आता उपाय एकच. समोरच्या ठेंगण्या टेबलाचा पाय धरून मी स्वतःला ओढलं. मी उठले, आणि टेबलावरच्या तीन मेणबत्त्या व्याख्यात्यांच्या टिपणांवर पडल्या. पोपटने पाण्याचा तांब्या उपडा केला. टिपणं विझली. कल्याणचे व्याख्याते बावीस पानं बोलणार होते, ते सात मिनिटं बोलले, आणि लोक मला नंतर येऊन धन्यवाद देऊन गेले. ते मेणबत्त्यांबद्दल होते की ध्यानाबद्दल, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्या आठवड्यात चार बायका घरी आल्या. त्यांना ध्यान शिकायचं होतं. मी म्हटलं, "मला उठता येत नव्हतं." त्यातली थोरली हात जोडून म्हणाली, "आसंच आसतं बाई. ज्येला लागतं त्येला उठावंसंच वाटत नाय." वीस वर्षं मी पुराव्याचा आग्रह धरला आणि माझ्या लुळ्या मांड्या हा लोकांनी साक्षात्काराचा पुरावा ठरवला. याहून मोठा अपमान विज्ञानाचा कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत दुखणं थोडं ओसरलं. अंबाबाई बारा दिवस माहेरी होती, शेजारी शांतता होती. शेऱ्यात मी लिहिलं, 'विश्रांतीचा परिणाम.' शाळा सुरू झाली, अंबाबाई दोन गोण्या घेऊन परतली, आणि दुखणं पुन्हा मुक्कामाला आलं. डिसेंबरात एका सकाळी लघवीचा रंग दूध न घातलेल्या चहासारखा दिसला. तेही मी लिहिलं. छातीसाठी घेतलेली गोळी मला मांड्यांपासून वर वर संपवत आणतेय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि तरी संध्याकाळी मी ती घेतली. काळूराम नाताळच्या सुट्टीत, पाच दिवसांनी, येणार होता. तो आल्यावर सांगू, असं ठरवलं.

काळूराम टॅक्सीने आला. टॅक्सीचं दार उघडलं, एक पाय बाहेर आला, आणि बराच वेळ दुसरा आलाच नाही. मग दार धरून, छताला हात लावून तो उभा राहिला. मला वाटलं, विमानात बसून पाय आखडले असतील. तो चाळीच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबला आणि कठड्यावरून दिसणाऱ्या डोंगराकडे बघत म्हणाला, "अक्का, डोंगर काय सुंदर दिसतो इथून!" त्या पायरीवरून डोंगर दिसत नाही. समोरच्या चाळीचा संडास दिसतो.

आई, येसूबाई, आमच्याकडेच असे. पाठ ताठ, दात सगळे जागच्या जागी. लेक सहा वर्षांनी आला म्हणून तिने वालाचं बिरडं, सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सगळ्यांना जमिनीवर पाटावर बसवलं. श्रीपतांची संध्याकाळची पाळी होती, ते आधीच जेवून गेले. बसताना आम्ही दोघांनी भिंत धरली. आईने ते पाहिलं आणि भाकऱ्या वाढल्या.

जेवण झालं तसा काळूरामने खिशातून डबी काढली. मीही काढली. तीच निळी गोळी. एकमेकांना दाखवून, औषध घेणाऱ्या शहाण्या मुलांसारखी, आम्ही ती गिळली. तेवढ्यात अंबाबाई ताटात पपनसाच्या फोडी घेऊन दारात हजर.

"घ्या दादा. अमेरिकेत मिळतंय का आसलं?"

काळूरामने फोड उचलली. "मिळतं तर! ह्याचंच धाकटं भावंड असतं तिथे, ग्रेपफ्रूट म्हणतात. सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं खातो मी. चरबीला चांगलं म्हणतात तिकडे."

"बग, मी काय सांगत हुते!" म्हणून अंबाबाई विजयी मुद्रेने निघून गेली.

आई म्हणाली, "उठा आता. ताटं उचलू दे."

मी काळूरामकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. कुणीच उठलं नाही.

"तू ऊठ आधी," मी म्हटलं.

"तू मोठी आहेस. तू ऊठ."

"काळू, तुला उठता येतंय का?"

"ऑक्टोबरपासून नाही येत," तो म्हणाला. "तुला?"

"मलाही."

"मग तू लिहिलंस कशाला, त्रास नाही म्हणून?"

"तू लिहिलंस, उत्तम म्हणून."

"मी लिहिलं कारण तू गोळी सोडली असतीस!"

"आणि मी सोडली असती तर तू रडत बसला असतास!"

मग आम्ही दोघंही हसायला लागलो. हसताना बरगड्यांचे स्नायू दुखत होते, तरी. हसून झाल्यावर उठता येत नव्हतंच, तेव्हा मी त्याला वही वाचून दाखवली. आयुष्यभर औषधं तपासणारा माणूस तो. तो एकेक ओळ ऐकत होता, आणि दिवाळीपाशी म्हणाला, "थांब. इथे आहारात काय बदललं?"

मी बोट फिरवलं. बारा दिवस पपनस नव्हतं. बारा दिवस तक्रारही कमी होती. आणि भाद्रपदाच्या आधी दोन्ही नव्हतं.

"मलाही," काळूराम सावकाश म्हणाला, "हा डाएटचा शौक ऑगस्टपासूनच लागला."

आम्ही दोघांनी ताटातल्या फोडींकडे पाहिलं. (पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लघवीची नोंद वाचली तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला, आणि त्यांनी गोळी त्याच क्षणी बंद केली. पण पपनसाचं सांगितलं तेव्हा पोट धरून हसले. "ओव्हाळबाई, विज्ञान शिकवता तुम्ही!" मीही फार वाद घातला नाही. दोन माणसं म्हणजे पुरावा नव्हे. या जातीची फळं ही गोळी रक्तात कितीतरी पटींनी साठवतात, हे छापून यायला पुढे बरीच वर्षं लागली.)

आई इतका वेळ ताटं हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हातपाय जात्यात, तर कशापाय खाता ती गोळी?"

काळूरामने माझ्याकडे बघितलं. आईला कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. "आई, बाबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. वाल्मिकदादा एकोणपन्नासाव्या. मला आता एकोणपन्नासावं संपून पन्नासावं चालू आहे."

"तुला?" आई म्हणाली. "तुला कशाचं? तुजी पन्नास कवाच झाली."

मी समजावलं की शाळेच्या दाखल्यावर एकोणचाळीस साल आहे.

"त्यो दाखला मास्तरानं लिवला. शाळंत घातली तवा तू आठ वर्साची हुतीस. मास्तर म्हनला, एवढीशी काटकी आठाची कशी आसंल? सहा लिवतो. लिवलं. तू जन्मलीस तवा वालाच्या शेंगा भरल्या हुत्या, आन तुज्या पाचवीच्या दिवशी तुज्या बापाला रेल्वेचा कागद आला. पायगुनाची पोर म्हनून सुंदरा नाव ठेवलं."

तो कागद तिच्या ट्रंकेत आहे. मी तो पाहिला होता. एकोणीस जानेवारी एकोणीसशे सदतीस. म्हणजे मी एकावन्न वर्षांची होते आणि तीन आठवड्यांत बावन्नची होणार होते. माझी पन्नाशी दोन वर्षांपूर्वीच येऊन गेली होती, बहुधा एखाद्या चाचणी परीक्षेच्या दिवशी, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग बाबा?" काळूरामने विचारलं.

"त्येचं वय सायबानं लावलं. दात बघितलं, छाती मोजली, म्हनला पंचवीस. त्यो तीसाचा तरी आसंल."

"आणि वाल्मिकदादा?"

आईने ताटं खाली ठेवली. "त्येला कारखान्यात घातला तवा दोन वर्सं कमी सांगितली. जास्त दिस नोकरी व्हईल म्हनून."

म्हणजे वाल्मिकदादा एकावन्नचा गेला. आणि मी एकावन्नची. काळूरामने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं. मी वही मिटली. ज्या रेघेला भिऊन मी चार महिने माझे हातपाय झिजवले, तिच्यावरचा एकही बिंदू खरा नव्हता. एक मास्तरांच्या नजरेने पडला होता, एक साहेबाने दात बघून, आणि एक आईने, दोन वर्षांच्या पगाराच्या आशेने.

"माझं तरी खरं आहे का?" काळूराम म्हणाला.

"तुजं खरं. तू दवाखान्यात झालास."

"आणि तुझं गं, आई? तुझं किती?"

"माजं?" आईने पदर खोचला. "मी शाळंत गेली नाय, नोकरीला गेली नाय. माजं वय कुनी लावलंच नाय."

मग तिने एक हात मला दिला, एक काळूरामला, पाय फाकवून रोवले, आणि एका हिसक्यात दोघांना उभं केलं. आम्ही भिंतीला धरून उभे राहिलो. ती आमच्या पाटावर बसली, ताट पुढे ओढलं, आणि उरलेलं पपनस तिने एकटीने संपवलं.